खंडेनवमीचा पेनड्राइव्ह

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शुक्रवार पेठ, सोलापूर
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. इंद्रायणी हिस,

आप्पाचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, सईच्या गालाला पापा.

मी बरा आहे, गुडघा सोडला तर. नाशिकच्या थंडीचा आकडा टीव्हीवर रोज बघतो आणि सईने कानटोपी घातली असेल की नाही, याचा घोर लागतो. तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितोय. फोनवर मी भलतंच बोलून बसतो. कागदावर निदान खोडता येतं.

सुबोधने तुझा निरोप दिला की आईचं वर्ष व्हायच्या आत तिचा आवाज भरलेला पेनड्राइव्ह पाठवा. मी त्याला म्हटलं, तो बिघडलाय. ते खोटं नव्हतं. कसा बिघडला ते वाचून तुला हसू येईल.

सुबोधने आईचा आवाज भरून तो माझ्या हातात देताना बजावलं होतं, "मामा, यंत्र आहे, जपा." म्हणून मी तो देवघरात ठेवला. यंदा खंडेनवमीला विळी, अडकित्ता, कात्री, आईचं शिलाई मशीन, सगळं पुसून मांडलं. हा एवढा बोटभर जीव एकटाच बाजूला कशाला, म्हणून त्यालाही पाटावर घेतला. त्याचं कपाळ कुठलं ते कळेना. पत्र्याचं टोक दिसलं, तिथंच हळदकुंकू वाहिलं आणि वर पाणी शिंपडलं.

तुझ्या वर्गातली शिवानी आठवते का? कोपऱ्यावर तिचं झेरॉक्सचं आणि कॉम्प्युटरच्या कामाचं दुकान आहे. तिच्याकडे नेला. तिने भिंगातून बघितलं आणि खुर्चीला टेकून हसत सुटली.

"आप्पा, पेनड्राइव्हला कुंकू? अक्षता टाकल्या नाहीत हे नशीब."

"टाकल्या की," मी म्हटलं.

तिने स्पिरिट आणि बारीक ब्रशने त्याचं तोंड साफ केलं. कॉम्प्युटरला खोचला तर पडद्यावर पाटी आली, ही वस्तू ओळखता येत नाही. मला वाटलं, संपलं. पण मग चौकशी केल्याशिवाय राहवेना. तुला माझी खोड माहीत आहे. सातवी पास माणसाला सगळं दोनदा विचारावं लागतं.

एवढ्याशा वस्तूत फिरणारं काही नाही म्हणे. चिप असते आणि तिच्यात डोळ्याला न दिसणारी अब्जावधी घरं. प्रत्येक घरात विजेचा कण कोंडून ठेवतात. दिवे गेले, वर्ष गेलं, तरी कण आत बसून राहतो. पण मशीनला ते आपलं आपण वाचता येत नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक वस्तूची बोलायची तऱ्हा वेगळी, म्हणून मधे एक लहानसा प्रोग्रॅम लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

"मग माझ्या पेनड्राइव्हचा ड्रायव्हर कुठं गेला?"

"कुठं जात नाही, मशीनमध्येच असतो. सगळ्या पेनड्राइव्हना बहुतेक तोच चालतो. खोचल्याबरोबर पेनड्राइव्ह आधी सांगतो, मी अमुक. मग मशीन त्याचा ड्रायव्हर हजर करतं. तुमच्या ह्याच्या तोंडात कुंकू. त्याला स्वतःचं नावच नीट सांगता येईना, तर ड्रायव्हर कुणाला द्यायचा?"

इंदू, हे मला लगेच समजलं. अक्कलकोटच्या कचेरीत बत्तीस वर्षं मी दुसरं काय केलं? साहेब मराठी, येणारी माणसं कानडी, आणि मधल्या स्टुलावर मी. म्हातारे शेतकरी साहेबाच्या सात पिढ्या काढायचे. साहेब विचारायचा, काय म्हणतोय? मी सांगायचो, "विनंती करतोय साहेब." साहेब ओरडला की मी तिकडं कानडीत सांगायचो, काम होईल, पुढच्या आठवड्यात या. दोन्हीकडची माणसं मला चांगलं म्हणायची.

हे शिवानीला सांगितलं तर ती म्हणाली, "असला ड्रायव्हर मशीनमध्ये असला तर दुकान बंद करावं लागेल, आप्पा. त्याने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं."

ती सहज बोलली. मी चहा न घेताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशीही पाटी तीच. तिसऱ्या दिवशी शिवानीने मशीनमधली ड्रायव्हरची जुनी नोंद काढून टाकली, मशीन बंद करून चालू केलं, पेनड्राइव्ह पुन्हा खोचला. टुंग असा आवाज झाला आणि पडद्यावर तीन नावं आली. शेंगाची चटणी. जात्यावरची गाणी. इंदूताईसाठी.

तिसरं नाव मी दोनदा वाचलं. मी विचारलं, "यातलं एकच पुसता येतं का?"

"येतं की. कुठलं?"

"नुसतं माहितीसाठी विचारतोय."

ती म्हणाली, पुसलं तरी लगेच जात नाही. यादीतलं नाव जातं, माल आतच पडून राहतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस तो परत काढू शकतो.

आता मूळ गोष्ट लिहितो. पेनड्राइव्ह बिघडला तेव्हा मला वाईट वाटलं, ते वरवरचं. आतून मोकळं वाटलं होतं. आई त्याच्यात काय बोलली असेल, याची मला वर्षभर भीती होती.

आईला ऐकू येत नव्हतं आणि यंत्र कानात शिटी मारतं म्हणून ती ते घालत नव्हती. तुमचा फोन माझ्याच तोंडून चालायचा. तू बोललेलं मी तिच्या कानात ओरडायचो, ती बोललेलं तुला सांगायचो. मागच्या डिसेंबरात तू विचारलंस, "आप्पा, मी निघू का? आई काय म्हणते?" मी सांगितलं, "आई म्हणते येऊ नको, सईची परीक्षा बुडेल."

आई असं म्हणाली नव्हती.

तू दारात उभी राहिलीस तर आपलं संपत आलंय हे तिला कळेल आणि ती हाय खाईल, असं मला वाटलं. ताप उतरला की बोलावू, असं रोज ठरवत होतो. तिला सांगितलं, इंदूला रजा मिळत नाही. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. चौथ्या दिवशी गेली. तू मातीला आलीस तेव्हा म्हणालीस, "आईने मला बोलावलंसुद्धा नाही." मी शेजारीच उभा होतो, गप्प राहिलो. तुझा राग आईवर गेला, तो मी जाऊ दिला. माझ्याशी बोलत नाहीस ते मी सेवेत कमी पडलो म्हणून, असं सुबोध म्हणतो. खरं कारण तुला माहीतच नाही.

काल शिवानीला म्हटलं, तिसरं लाव, चालतंय का बघू. आईचा आवाज आला. दमलेला होता, पण तिचाच.

"इंदव्वा, तुला रजा मिळंना म्हणून तुझे आप्पा सांगत्यात. मला ते खरं वाटंना. मधी बोलताना ते गोड करून सांगत्यात, मला ठावं हाय. आत्ता सुबोधनं त्यास्नी दुधाला धाडलंय, तवर बोलते."

त्या दिवशी घरात दूध असताना सुबोधने मला पुन्हा दुधाला पाठवलं होतं. मी कुरकुरत गेलो होतो.

मी शिवानीला म्हटलं, बंद कर. अजून सात मिनिटं होती. ती म्हणाली, "ऐका की आप्पा, तुमच्याच बायकोचा आवाज आहे." मी नाही म्हटलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, पाकीट पाठवायच्या आधी उजेडाला धरून बघणारा. पण हे मला सोडून बोललेलं आहे. वाटेत हरवलं तर असावी म्हणून एक प्रत शिवानीच्या मशीनमध्ये आहे. मी मागायला आलो तरी लावू नको, असं तिला बजावलंय.

आईच्या कानाच्या यंत्राच्या डबीत कापूस घालून पेनड्राइव्ह ठेवलाय. उद्या स्पीड पोस्टाने टाकतो. तिन्ही फाइली आहेत, काही पुसलेलं नाही. काढताना एकदम ओढू नको, आधी मशीनकडून परवानगी घ्यायची असते. मशीन 'लिहून झालं' म्हणतं, पण कधी कधी थोडं हातात धरून ठेवतं.

तू विचारलं होतंस, आई काय म्हणते. ती म्हणाली होती, "तिला ये म्हणा. आजच निघ म्हणा." एवढंच. यात माझा एकही शब्द नाही.

हा निरोप अकरा महिने अडवून धरलेला,
तुझा आप्पा