कुरुदच्या घराचा वकील

तुझ्या लाडकीच्या, आपल्या धाकटीच्या पोरीनं मले भर ऑफिसात 'तुम्ही' म्हटलं. "तुम्ही बसा मावशी, मी कागद पाहून घेते." जशी काही मी रस्त्यावरून आलेली कोणी बाई! जिचे लंगोट मी धुतले, जिले तापात मांडीवर घेऊन बसली, ती आता काळा कोट घालून मले खुर्ची दाखवते, अन् मी निवडलेल्या वकिलाले दोन वाक्यात निकालात काढते. ही सगळी तुझी करणी आहे माय, म्हणून तुलेच लिहून राहिली. तू कशी आहेस ते विचारत नाही. तिथं देवाघरी काय कमी-जास्त असणार?

पहिले घराचं सांगते, नाहीतर तुले काही उमगणार नाही. पोरगा माझा दोन वर्षांनी रिटायर होऊन राहिला. रिटायर झाला की सेक्टर सहाचं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागते, हे तर तुले माहीतच आहे. बाबाचं सुटलं, तुझ्या जावयाचं सुटलं, आता याचं सुटणार. तीन पिढ्या आपण कंपनीच्या छताखाली झोपलो, अन् स्वतःची म्हणावी अशी एक वीट नाही. म्हणून पोरानं कुरुद गावाकडे एक घर पाहिलं. दोन खोल्या खाली, एक वर, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड. विकणारा तिथलाच, बापाच्या जागेवर त्यानं बांधलेलं. मले घर आवडलं. या वयात मले काही आवडत नाही, पण ते आवडलं. आता प्रश्न होता वकिलाचा. कागद कोण पाहील, रजिस्ट्री कोण करून देईल? घरात सगळ्यांच्या तोंडून एकाच वेळी धाकटीच्या पोरीचंच नाव निघालं. सून म्हणते, घरची वकील असताना बाहेर कावून जायचं? नात म्हणते, आजी, बुआ तो बेस्ट है. पोरगा तर तिचा नंबर काढून बसला. मी म्हटलं, तिले नाही द्यायचं. ते म्हणाले, का? मी म्हटलं, घरची माणसं व्यवहारात नको. खोटं बोलली. तुले खरं सांगते, माझ्या पोटात दुखत होतं.

धाकटीची पोरगी वकील झाली त्या दिवशी धाकटीनं पेढे आणले होते. मी एक तोंडात टाकला अन् दुसरा पिशवीत ठेवला, म्हटलं नातीले देईन, अन् मोरीत टाकून देला. असं आहे माझं. ती पोरगी वाईट नाही. हुशार आहे, स्कूटी चालवत दुर्गच्या कोर्टात जाते, जजासमोर उभी राहून बोलते, आवाज कापत नाही. मी तिले पाहते तेव्हा मले ती दिसतच नाही. मले धाकटी दिसते, दोन वेण्या घातलेली, काळे बूट, अन् तू तिच्या बुटाची नाडी बांधून राहिली आहेस. माझ्या पायात कधी बूट नव्हते. मी चुलीसमोर आहे. भात उतू चालला आहे कारण माझं ध्यान तिच्या पुस्तकात आहे, बदकाचं चित्र होतं त्या पानावर, अन् तू येऊन माझ्या हातातून पुस्तक ओढते. "तुले कलेक्टर व्हायचं आहे का? भात पाहा." एवढंच म्हटलं तू. मारलं नाही. मारलं असतं तर मी विसरून गेली असती.

अन् क्वार्टर मिळालं तो दिवस आठवते तुले? कंपनीचा माणूस यादी घेऊन आला होता. क्वार्टर ताब्यात देताना एकेक वस्तू मोजून देत, अन् सोडताना मोजून घेत. बाबा ड्युटीवर. तुले वाचता येत नव्हतं. तू यादी माझ्या हातात देली. मी तिसरीत होती. मी मोठ्यानं वाचते, "नळ तीन. कडी सात. खिडकी चार." अन् तू प्रत्येक कडीले हात लावून पाहते, प्रत्येक नळ उघडून बंद करते, अन् तो माणूस म्हणते, "बच्ची तो बड़ी होशियार है." तू हसली. माझ्याकडे पाहून तू हसलेली मले एवढीच आठवते. आठ दिवसांनी तुले कॅन्टीनमध्ये भाजी चिरायचं काम लागलं अन् तू मले शाळेतून काढलं, धाकटीले सांभाळायले. मले वाटलं होतं, एवढी यादी वाचली, आता तर काढणार नाही.

म्हणून वकील मी माझ्या हिशोबानं शोधला. दुर्गच्या कोर्टाबाहेर एक म्हातारे वकील बसतात, मोठी काळी छत्री उघडून, टेबल-खुर्ची टाकून. आमच्या क्वार्टरच्या लाइनीतले सगळे त्यांच्याकडूनच शपथपत्र करून आणतात. मी त्यांले म्हटलं, घर घ्यायचं आहे. ते म्हणाले, "चलिए माताजी, पहले घर देख लेते हैं." बस, तिथंच माझं ठरलं. ते कुरुदले आले, चप्पल काढून घरात गेले, नळ उघडले, कड्या लावून पाहिल्या, गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उचललं, अन् सगळं कागदावर लिहून माझ्या हातात देलं. मी उभ्या उभ्या वाचली ती यादी. नळ पाच, कडी अकरा. असा आनंद झाला मले, की काय सांगू. अन् तुझ्या लाडकीच्या पोरीले सुनेनं फोनवर विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "घर नको दाखवू वहिनी, कागद पाठव. तीस वर्षांचे." मी म्हटलं, पाहा, घर न पाहता घर घ्यायले निघाली! हिनं कधी क्वार्टर ताब्यात घेतलं आहे का?

आता हसू येते. आपण क्वार्टरची माणसं, आमाले वाटते घर म्हणजे नळ अन् कडी. मालक कोण, हा प्रश्न आपल्याले कधी पडलाच नाही. मालक कंपनी. पण कुरुदच्या घराले कंपनी नाही ना! मी तर बयान्याचा, आगाऊ पैसे द्यायचा दिवसही ठरवून टाकला होता.

पोरानं मले न सांगता कागदाचे फोटो तिले पाठवले. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांले ऑफिसात बोलावलं, विकणाऱ्याले अन् छत्रीवाल्यांलेही. अन् तिथं ते 'तुम्ही' झालं. मग तिनं जमिनीचे दोन सरकारी उतारे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक जुना, एक नवा. म्हणाली, "बाप वारला तेव्हा वारस दोन होते. पोरगा अन् मोठी पोरगी. नव्या कागदावर पोरगा एकटाच आहे. ही बहीण कुठं गेली?" विकणारा म्हणाला, "वो तो रसमड़ा में है. शादी हो गई उसकी." छत्रीवाले आपल्या छत्रीच्या मुठीकडे पाहून राहिले. मी मधात तोंड घातलं. म्हटलं, "लग्न झालं, गेली आपल्या घरी, तिचं इथं काय? कशाले घोळ घालते?" माझ्या तोंडून निघालं हे, माय. पोरीनं चष्मा काढला. म्हणाली, "मावशी, तू म्हणून राहिली हे?" तिनं मले परत 'तू' म्हटलं, अन् ते 'तुम्ही'पेक्षा जास्त लागलं.

रसमड्याले आम्ही दोघीच गेलो. तिच्या स्कूटीवर मागे बसून, या वयात. मी म्हटलं, पाडशील तर बापाले काय सांगशील? ती म्हणाली, सांगीन मावशीची जीभ जड होती, तोल गेला. मले हसू आलं, पण दाखवलं नाही. फॅक्टऱ्यांच्या मागं त्या बाईचं घर, अंगणात वाळत टाकलेल्या कपड्यांवर काळी भुकटी. माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान असेल. आमाले पाहून तिनं खाट टाकली, "बइठव दाई," म्हणाली, पाणी देलं. पोरीनं सांगितलं, तुमचा भाऊ घर विकून राहिला, त्यात तुमचा हक्क आहे, तुमची सही पाहिजे. त्या बाईनं पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाली, "मोला त कोनो नइ पूछिस." मले तर कोणी विचारलंच नाही. पोरीनं सगळा कागद तिले वाचून दाखवला, एकेक ओळ, न समजलं ते पुन्हा. हिस्सा घ्यायचा की सोडायचा, दोन्ही तुमच्या हातात, म्हणाली. घाई नाही केली. मी खाटेच्या कोपऱ्यावर बसून पाहून राहिली, अन् तुले सांगू माय, त्या बाईचाही मले हेवा वाटला. तिच्या दारात कोणी काळा कोट घालून आलं, तिचं नाव कागदावरून गेलं म्हणून. माझं नाव शाळेच्या पटावरून गेलं तेव्हा कोण आलं होतं?

हिस्सा नको म्हणाली ती. पण सही करायची एक अट घातली. इकडे तीजाले, म्हणजे हरतालिकेले, भाऊ बहिणीले घ्यायले येते, लुगडं घेऊन, माहेरी नेते. हा भाऊ बाप गेल्यापासून आलाच नव्हता. ती म्हणाली, "तीजा मा लेगे बर आही, तब अंगठा लगाहूं." न्यायले आला तर अंगठा, नाहीतर नाही. पोरगी म्हणाली, हे मी कागदात लिहू शकत नाही. बाई म्हणाली, लिहू नको, त्याले सांग.

विकणारा पहिले खूप तडकला. म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक पाहतो. पोरानं दुसरी घरं पाहायले सुरुवात केली, मुनग्याचं झाड कोणीच काढत नव्हतं बोलण्यात. मी पोरीले फोन केला, स्वतः, पहिल्यांदा. म्हटलं, तो नाही आला तर? ती म्हणाली, तर नाही घ्यायचं मावशी. असं घर नाही घ्यायचं. मी फोन ठेवून देला अन् तिले खूप शिव्या देल्या, मनात. पण दुसरा वकील करायचा विचार आला नाही.

पोळा झाला अन् तीजाच्या दोन दिवस आधी तो बहिणीले घ्यायले गेला. हिरवं लुगडं घेऊन गेला, बायकोले पण नेलं. हप्त्याभरानं दुर्गच्या रजिस्ट्री ऑफिसात ती बाई त्याच हिरव्या लुगड्यात आली अन् कॅमेऱ्यासमोर अशी बसली जशी फोटो काढायलेच आली. अंगठा लावला. मग मी सही केली. घर माझ्या अन् सुनेच्या नावावर केलं पोरानं, पोरीनंच सुचवलं होतं. माझी सही वाकडी झाली. साहेब म्हणाला, "अम्मा, पढ़ना आता है?" मी म्हटलं, तिसरीपर्यंत शिकली. नापास कोणी केलं नाही, काढलं.

आता एक गोष्ट, जी मी कोणाले सांगितली नाही. घरात सगळे छत्रीवाल्यांले नावं ठेवतात, म्हाताऱ्याले बहीण दिसली नाही म्हणून. दिसली होती. नळ मोजून झाल्यावर गच्चीवर ते मले म्हणाले होते, "माताजी, एक बहन का भी नाम था पुराने कागज में." मीच म्हटलं, राहू द्या, बहिणीचं काय? धाकटीच्या पोरीनं हात घालायच्या आधी काम उरकायचं होतं मले. म्हाताऱ्यानं ऑफिसात माझ्याकडे बोट नाही दाखवलं. मी पण तोंड उघडलं नाही, अजून नाही.

हे पत्र तुले पोचणार नाही, मी पण कोणाच्या हाती देणार नाही. नातीच्या वहीची मागची पानं आहेत, ती मागेल तेव्हा फाडून घेईन. पण विचारून ठेवते. आपल्या घरात दोन पोरी होत्या. एकीले शाळेत पाठवायचं अन् एकीले चुलीपाशी बसवायचं, हे ठरवताना तू मोठीले एकदा तरी कावून नाही विचारलं? धाकटीले मधात घालू नको, तिले यातलं काही माहीत नाही. तिच्या पोरीले वकील करून पाठवू नको, ती तुले वाचवून घेईल. तू स्वतः सांग.