टेन्शन नको म्हणून लपवलेला रिपोर्ट

तीन महिने तुम्ही सगळे मला छातीत दुधाची गाठ, दुधाची गाठ सांगत राहिले. माझी पोरगी डिंपल एकवीस वर्षांची आहे. दूध कुठून येईल? एवढी मूर्ख समजले.

मी, उषाबाई टिकाराम हेडाऊ, वय ४८, शिक्षण चौथी, धंदा कोश्याच्या रेशमाचं विणकाम, राहणार आंधळगाव, जिल्हा भंडारा, डोकं शाबूत असताना, कोणाच्या धाकाशिवाय, स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहिते. अक्षराला हसू नये.

१. डोक्याचं आधी. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे पती टिकाराम यांना सांगितलं होतं की सतत भीती राहिली तर मेंदूतून नसांवाटे तसा निरोप जातो, रोगाशी लढणारे अंगातले शिपाई ढिले पडतात आणि गाठीचं फावतं. म्हणून ताण कमी करा. यांनी केला तो असा : रिपोर्ट लपवला, आणि माझा माग खोलून आपल्या बहिणीकडे, कुंताबाईकडे, नेऊन टाकला. विचारलं तर, "तुले कायले पाहिजे? तू फक्त टेन्शन नको घेऊ." मी आत गेली की सगळे गप. त्यानंच माझी झोप उडाली.

शेवटी शेजारच्या चंद्रभागाबाई बोलल्या, "उषा, तुले कॅन्सर आहे वो. मले राहवलं नाही."

मागच्या सोमवारी एकटीच एसटीनं नागपूरला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंधारात ठेवा असं मी म्हटलंच नाही. विणून बरं वाटतं तर विणा. पण नुसत्या शांत मनानं गाठ जात नाही, ऑपरेशन लागेल. दुसरा, स्कॅनचा रिपोर्ट मिस्टर घेऊन गेले. नक्कल देऊ?" मी नको म्हटलं.

२. माग, धोटे, फणी डिंपलला. कुंताबाईनं मुकाट्यानं परत आणावं.

३. जांभळं पातळ कुंताबाईनं तीनदा मागितलं. ते चंद्रभागाबाईला. कुंताबाई, तू रोज डबा आणला, डोक्यावरून हात फिरवला, न् तोंड शिवून बसली.

४. घर माझ्या बाबांनी माझ्या नावानं दिलेलं. अर्धं डिंपलचं. अर्धं पतीचं, खालच्या अटीवर.

५. "चिंता करून करून गेली" असं मयतीत कोणी म्हणू नये. चिंतेनं गाठ झाली नाही. मी विचारून आली आहे.

साक्षीदार : गुलाब पराते (सही), करुणा निनावे (सही)
ठिकाण : आंधळगाव. दिनांक : ४ फेब्रुवारी २०१४
उषाबाई टिकाराम हेडाऊ (सही)

अट : डिंपलचे बाबा, अठरा तारखेला ऑपरेशन आहे. नक्कल दवाखान्यात मिळते, पण मले तुमच्या तोंडून पाहिजे. शनिवारी, पंधरा तारखेला, दुपारच्या आत समोर बसून सांगा, नाही तर तुमचं अर्धं घरही डिंपलचं. रोग पसरला काय?