विहीणबाईंचा तिसरा हिस्सा

श्रीमती विहीणबाईंना गादीवालीचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालतात, तुमच्या जावयासारखे.

तुमचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही (तुम्हालाही माझ्याकडून ऐकायची नाही), म्हणून लिहिते आहे. घरमालकाची टाकी फुटून माझं गाद्यांचं दुकान भिजलं, गाद्या फुगून दारातून बाहेर निघेनात, तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "जाऊ दे आई, तो मोठा माणूस." त्याची सासू, म्हणजे तुम्ही, मात्र गादीत बोट खुपसून म्हणालात, "दावा लावला तर जिंकाल?" जिंकेन हो, पण वकिलाला देऊ काय, ओला कापूस? तर तुम्ही उभ्या उभ्या ठरवलंत: वकिलाचा खर्च तुमचा, जिंकले तर भरपाईचा तिसरा हिस्सा तुमचा, हरले तर तुमचं नशीब. माझा सख्खा भाऊ सल्ल्यापलीकडे काही देत नाही, आणि तुम्ही दुसरीच्या भांडणात पैसा ओतलात! वर कागदात घातलंत, की तुम्हाला विचारल्याशिवाय मी तडजोड करायची नाही. तेव्हा ते मला झोंबलं होतं. पण घरमालक चार नव्या गाद्यांवर मिटवायला आला, आणि मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही वकिलांच्या खोलीत पर्स मांडीवर घेऊन बसला होतात. नुसतं "ह्यॅ" म्हणालात. घरमालक चपला शोधायला लागला. मी जन्मभर भांडले, पण एवढ्या थोडक्यात कधी जमलं नाही.

आता माझा पराक्रम. मी साक्षीला उभी राहिले, तर त्यांच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "आजी, कोर्टाचा खर्च झेपतो कसा?" मेल्याला वाटलं, म्हातारी ओशाळेल. मी ठणकावून सांगितलं, "आमच्या विहीणबाई घालतात! तिसरा हिस्सा त्यांचा, आणि त्यांच्या मर्जीशिवाय तडजोडसुद्धा नाही!" आपल्या वकिलांनी डोळे मिटले (मला वाटलं, अभिमानाने). त्यांच्या वकिलाने लगेच दावाच फेटाळा म्हणून ओरड केली आणि न्यायाधीशबाईंनी आपला कागद मागवून घेतला.

निकाल आपल्या दोघींच्या नातीने वाचून दाखवला. बाई म्हणतात, दुसऱ्याच्या दाव्यात पैसा घालून हिस्सा घ्यायचा आणि लगामही हातात ठेवायचा, हा करार आजच्या कायद्यात टिकत नाही, कोर्ट तो हिस्सा वसूल करून देणार नाही. पण करार टिकत नाही म्हणून फुटलेली टाकी सांधली जात नाही, भरपाई द्या. पुढे असंही लिहिलंय, की हात रिकामे असलेल्याने दावा लढायचा कसा, याचा विचार करून कायदा बदलायला हवा, पण ते काम कोर्टाचं नव्हे. शहाणी बाई. स्वतःचं काम कुठे संपतं ते कळणारी माणसं थोडी.

हे ऐकून माझा मुलगा नाचायलाच लागला, "आई, सासूबाईंना काही द्यायला नको!" सूनबाईने त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. मी म्हटलं, अरे गाढवा, कायदा बदलेल तेव्हा बदलेल, मी माझा शब्द कशाला बदलू? कोर्ट वसूल करत नाही म्हणून बुडवलं, तर त्या घरमालकात आणि माझ्यात फरक एका टाकीचाच!

निकालापासून तुमचा फोन नाही. बुडवेन असं वाटलं असणार. (तुमच्या जागी मलाही तेच वाटलं असतं.) तर कागद टिको न टिको, तिसरा हिस्सा तुमचा.

तुमची,
विहीण

ता. क. घरमालकाने वरच्या कोर्टात अपील केलंय, त्यामुळे भरपाई कोर्टातच अडकली आहे. तुमचा हिस्सा तिथे माझ्या हिश्शाशेजारी सुखरूप आहे. अपिलासाठी आपल्या वकिलांची फी मंगळवारच्या आत हवी. जावयाच्या हाती पाठवा. तुमच्या तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नाही.

दुसरा ता. क. या खेपेला कागद नको, उगाच शाई. आणि अपिलाच्या खर्चाबद्दल तिसऱ्यावर आणखी चौथा हिस्सा घ्या. अर्धी लढाई तर आधीच झाली. वकील म्हणतात, आता तुम्ही त्यांच्या खोलीत बसलेलं चालणार नाही. बाहेरच्या बाकावर बसा. मी दार उघडं ठेवायला लावते. तुमचं "ह्यॅ" तिथूनही ऐकू येईल.