पंचवीस वर्षांचा निष्ठावंत पाहुणा

व्हिएन्ना,
६ नोव्हेंबर १९८८

ती. नोटबुर्गाताईस,

कोर्बिनियनचा सा. न. वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, माझा घोर अपमान झाला आहे, आणि तोही सोनेरी कडेच्या कागदावर.

आपल्या गावच्या पर्यटन-मंडळाचे अध्यक्ष लुगर कळवतात की, ओबरग्राइटला सलग पंचवीस हिवाळे येऊन मी गावावर जी निष्ठा दाखवली, तिच्याबद्दल येत्या फेब्रुवारीत बँडच्या गजरात माझ्या कोटाला चांदीचा बिल्ला टोचण्यात येईल. पत्राची सुरुवात ‘प्रिय पाहुणे’ अशी आहे. ताई, हाच लुगर शाळेत माझ्या शेजारी बसून माझी गणितं उतरवायचा. मी जन्मलो तो आपल्याच घरात, गोठ्यावरच्या खोलीत, जिला तू आता पाहुण्यांना भाड्याने देताना चार नंबर म्हणतेस. पाहुणा म्हणजे देव, असं मी इथे विद्यापीठात पोरांना संस्कृतात शिकवतो खरा. पण जन्मघरीच देवपद मिळतं आणि वर बिल्लाही, असं कुठल्या भाष्यकाराच्या स्वप्नातही आलं नव्हतं. चुगली कोणाची, ते उघड आहे. दरसाल माझं नाव पाहुण्यांत कोण नोंदवतं?

असो. बेत नेहमीचाच. परीक्षा उरकल्या की फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी निघतो. सौ. एल्फ्रीडे यंदाही स्की पायाला लावणार नाही. उन्हात खुर्ची टाकून पडणाऱ्यांना गुण देत बसेल. आमच्या कन्येला, योहानाला, दोन धडधाकट स्की असताना एकाच फळीवर उभं राहून घसरायचं आहे. हल्ली तशी पद्धत आहे म्हणे. मला चार नंबरची खोली आणि सकाळी एक मऊ अंडं मिळालं की झालं.

आणि हो, गेल्या खेपेस तू कठड्याला धरून, आडव्या अंगाने जिना उतरत होतीस, असं एल्फ्रीडे म्हणते. खुब्याचं काय झालं? डॉक्टरला दाखवलंस का?

लोभ आहेच, त्यावर पाहुण्यांचा कर लावू नये, ही विनंती.

तुझा,
कोर्बी


ओबरग्राइट,
१४ नोव्हेंबर

चि. कोर्बीस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझं नाव मीच नोंदवते. जो इथे झोपतो आणि दुसरीकडे राहतो तो पाहुणा, असा नियम आहे. पाद्रीबाबांची आई लेकाकडे राहायला आली तरी तिची नोंद होते. ती कुठे गळा काढते? मागे एका डच माणसाला दहा वर्षांचा साधा बिल्ला मिळाला, तर तो बापडा हमसून रडला. तुला चांदीचा मिळतोय तर तुझी कुरकुर. बिल्ला घे, लुगरच्या बायकोने केलेला केक खा आणि गप्प बैस.

आणि जन्मघराच्या गोष्टी मला सांगू नकोस. आपल्याकडे घर-शेत अखंड एकाकडेच जातं. बाबांनी मला घर दिलं, तुला पुस्तकं दिली, आणि योग्यच केलं. तुला बघितलं की गाय पान्हा चोरायची.

चार नंबर राखून ठेवलाय. योहानाला म्हणावं, खुशाल फळीवर घसर. लुगरच्या मुलाने तसंच घसरून गेल्या हिवाळ्यात चर्चचं कुंपण आडवं केलं.

खुब्याचं विचारलंस. इन्सब्रुकच्या डॉक्टरने फोटो काढला. सांधा पार झिजला, आता धातूचा बसवायचा म्हणतो. सात फेब्रुवारी ही तारीख दिलीय. मी त्या भल्या माणसाला म्हटलं, फेब्रुवारीत आठही खोल्या भरलेल्या असतात, त्या महिन्यात मालकिणीला खुबा नसतो. मे महिन्यात बघू. बर्फ वितळलं की पाहुणेही वितळतात. तर तो वैतागला. शिकलेली माणसं लवकर वैतागतात, घरातलाच अनुभव आहे.

माया आहे ती आहे. तिची पावती मागू नये.

तुझी,
ताई


व्हिएन्ना,
२२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या मे महिन्याचं माहात्म्य थोर आहे. गेल्या मे महिन्यातही तू दाखवणार होतीस. तेव्हा गाय व्याली. मग गवत कापणीला आलं. मग गवत वाळवायचं होतं. मग शरद ऋतूतले पायी हिंडणारे जर्मन आले, ज्यांना पहाटे सहाला कॉफी लागते. येत्या मे महिन्यात काय व्यायचं ठरलं आहे, ते आधीच कळव.

आम्ही दोघांनी दुसराच बेत केला आहे. या सुट्टीत आम्ही येऊ ते घसरायला नव्हे. तू सात तारखेला इन्सब्रुकला जा. घर मी आणि एल्फ्रीडे बघू. न्याहारी ती करेल, कारण पाहुणे जिवंत परतावेत अशी आमची इच्छा आहे. मी शेगड्या पेटवीन, दारातलं बर्फ ओढीन आणि बिछाने घालीन. माझी रजा महिनाभर आहे. योहाना ताटं नेईल; एका फळीवर तोल सांभाळणारीला चार बश्या जड नाहीत. राहता राहिल्या दोन गाई. त्यांना मी कसंबसं समजावीन, आणि न जमलं तर शेजारच्या घरी हात जोडीन.

हसू नकोस. उत्तर लगेच लिही.

कृपा असावी, आणि या वेळी ती हुकमासारखी वापरू नये.

तुझा,
कोर्बी


ओबरग्राइट,
१ डिसेंबर

चि. कोर्बीस आशीर्वाद.

हसले. पोट दुखेपर्यंत हसले. तू शेगडी पेटवणार? धुराड्याची झडप उघडायची असते हे तरी ठाऊक आहे का? पाहुणा विचारेल लोणी कुठे आहे, आणि तू त्याला लोणी या शब्दाचं मूळ सांगत बसशील. तेवढ्यात अंडं दगड होईल.

आणि गावात काय तोंड दाखवू? पंचवीस वर्षं येणाऱ्या पाहुण्याने दारातलं बर्फ ओढायचं, आणि त्याच्या बायकोने भांडी विसळायची? एल्फ्रीडे एकदा बशी उचलून स्वयंपाकघरात आली, तर मी तिच्या हातातून काढून घेतली होती, तिला विचार. या घरात येणाऱ्याने बसायचं असतं. आईने मला एवढं एकच नीट शिकवलं.

म्हणून काल इन्सब्रुकला फोन केला आणि सांगितलं, ती तारीख दुसऱ्या कुणाला द्या. रागावू नकोस. हल्ली मी जिना दिवसातून दोनदाच चढते, बाकी सगळं खालीच आणून ठेवलंय. झोपतेही खालीच, मसाल्याच्या मांसाच्या कोठीशेजारी. वास छान येतो. शेजारीण म्हणते की मी बदकासारखी चालते. म्हटलं, बदक कधी पडलेलं पाहिलंयस?

चार नंबर झाडून ठेवलाय. गाडी कधी पोचते ते कळव, लुगर स्टेशनवर घ्यायला येईल.

सर्वांना आठवण. थंडीत कान झाकत जा.

तुझी,
ताई


व्हिएन्ना,
६ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र एल्फ्रीडेने मोठ्याने वाचलं. बदकापर्यंत आम्ही हसलो. मग तिने कोठीशेजारी झोपण्याचं वाक्य पुन्हा वाचलं आणि पत्र खाली ठेवलं.

मी इन्सब्रुकला फोन लावला. पेशंटचा कोण, असं तिथल्या बाईंनी विचारलं. भाऊ, असं सांगितलं. ती जागा अजून कोणाला दिलेली नाही. तू स्वतः येत्या सोमवारपर्यंत हो म्हणालीस, तर सात फेब्रुवारी तुझीच. मग लुगरला फोन केला. म्हटलं, यंदा मला पाहुण्यांत धरू नकोस, मी गडी म्हणून येतोय. तो हवालदिल झाला. चांदीवर नाव कोरून झालं आहे, आणि बँडने सरावही केला आहे म्हणे. म्हटलं, वाजवा, मी अंगणात फावडं धरून ऐकेन. शेवटी तो म्हणाला की गाईंचं तो बघेल. फक्त नोटबुर्गाला तसं आपणहून सांगायची त्याची हिंमत नाही. गावात कोणाचीच नाही.

धुराड्याची झडप उघडायची असते, हे मला ठाऊक आहे. न्याहारी वाईट होईल. पाहुणे तक्रार करतील, आणि दोघे-तिघे पुढच्या वर्षी लुगरच्या मेव्हण्याकडे उतरतील. उतरू देत.

आता थट्टा पुरे. ताई, लुगरने मला पाहुणा लिहिलं ते मला खुपलं नाही. तू लिहिलंस, ते खुपलं. मला ऑपरेशनची काळजी नाही, ते रोज कोणाचं ना कोणाचं होतं. काळजी ही आहे की, मे येईल, गवत येईल, पुन्हा बर्फ येईल, आणि एक दिवस तुला त्या कोठीशेजारच्या पलंगावरून उठता येणार नाही. ते तू मला कळवणार नाहीस. तू हसून विचारशील, खोली नीट उबदार आहे ना, आणि मी हो म्हणून डोंगरावर निघून जाईन.

सोमवारच्या आत फोन कर. मला नव्हे, इन्सब्रुकला.

तुझा धाकटा,
कोर्बी