गव्हर्नरची निवड आणि माझा मधल्या खोलीतला पलंग

स्टोनीफर्ड, व्हरमाँट
ऑक्टोबर १८०३

तीर्थस्वरूप हल्डाताईस,

धाकट्या मेहिटेबलचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इथे सगळे जिवंत आहेत, यापलीकडे बरं सांगण्यासारखं काही नाही.

तुला माहीतच आहे, यंदा गव्हर्नरसाठी लोकांनी मतं दिली, पण निम्म्याहून जास्त कोणालाच पडली नाहीत. (तिसरा उमेदवार म्हणून तो गिरणीवाला मध्येच कडमडला.) मग निवड गेली विधानसभेकडे, विधानसभा भरली आमच्या गावात आणि तिचे डझनभर सभासद येऊन बसले माझ्या उरावर. नेहमीप्रमाणे एका पलंगावर दोघं. आमच्या पक्षाचे कर्नल गव्हर्नर झाले की यांना शेरीफ करायचं ठरलं होतं, म्हणून मी हूं का चूं केलं नाही. हे तर आठवडाभर गोठ्यात गाईंना अटक करून बघत होते.

इकडे कर्नल, तिकडे दुसऱ्या पक्षाचे न्यायाधीश, दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आणि मध्ये लोंबकळणारा एकच प्राणी, झेडॉक टायटस. मेंढ्या पाळतो, स्वतः दिवसभर मुका. मी डोकं चालवलं (तिथेच चुकलं). आमच्या पक्षाच्या लेम्युएल प्रॅटला मधल्या खोलीत त्याच्याच पलंगावर झोपायला दिलं आणि बजावलं, "त्याला पटवल्याशिवाय सोडू नका." मेल्याने खरंच सोडलं नाही! उजाडेपर्यंत कर्नलांची थोरवी. त्या गरिबाने डोक्यावर रजई ओढली की हा ती खाली ओढून पुढचा मुद्दा काढायचा. सकाळी झेडॉक मक्याच्या लापशीकडे तांबारलेल्या डोळ्यांनी बघत म्हणाला, "वहिनी, माणूस चांगला असेल हो तुमचा कर्नल. पण तो जिंकला तर हा वर्षभर बोलेल. हरला तर निदान गप्प बसेल."

आणि गेला तो न्यायाधीशांना मत देऊन आला. एका मताने घालवलं गं सगळं! मी परसात जाऊन रडले. वर हे मलाच म्हणतात, "तुला कोणी सांगितलं होतं राजकारण करायला?" लापशीचं पातेलं यांच्या डोक्यात घालणार होते, पण त्यात अजून चार जणांची न्याहारी होती.

तुझी,
मेहिटेबल

ता. क. भावोजी न्यायाधीशांच्या पक्षाचे, शिवाय त्यांच्या पंगतीतले. शेरीफपद अजून कोणाला दिलेलं नाही. एक शब्द टाकतील का?

आणखी एक. आमचे हे कोणत्या पक्षाचे, असं कोणी विचारलंच, तर पहिल्यापासून न्यायाधीशांच्याच, असं बेलाशक सांगावं. यांना मी सवडीने सांगेन.