वेळथरच्या घंटेचा कागद

मी, अनुराधा दामोदर देऊळगावकर, वय ७४, निवृत्त इतिहास प्राध्यापिका, राहणार तारनाका, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डोके ठिकाणावर आहे, साखर मात्र वाढली आहे. कोणी दडपण आणलेले नाही. आणायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. राहता फ्लॅट माझी भाची केतकी हिला द्यावा. रंग हवा तो लावावा, स्वयंपाकघराची खिडकी बुजवू नये.

२. बँकेतील ठेवी केतकी व तिचा भाऊ कौस्तुभ यांनी निम्म्या-निम्म्या घ्याव्यात. कौस्तुभला मराठी वाचताना घाम फुटतो, तरी केतकीने त्याला हे वाचून दाखवावे. आहे तसेच वाचावे.

३. पुस्तके विद्यानगरच्या वाचनालयास. शब्दकोशाचा दुसरा खंड शेजारच्या शशिकांतरावांनी एकोणीस वर्षांपूर्वी नेला. तो मागू नये. बघू, मी गेल्यावर तरी लाज वाटते का! माझ्या स्वतःच्या ग्रंथाच्या उरलेल्या प्रती रद्दीत घालाव्यात. कारण पुढे आहे.

४. कपाटातील निळ्या फाइलमध्ये एक मोडी कागद आहे, अडीचशे वर्षांपूर्वीचा. तो माझ्या पश्चात कोकणात वेळथरला कातरीन मावशींकडे पोचवावा.

वेळथरला दर्यावर फिरंग्यांच्या काळातले पडके चर्च आहे. त्याला दोन घंटा होत्या. मनोरा कोसळला तेव्हा धाकटी फुटली. थोरली भैरीच्या देवळात टांगलेली आहे. १९८४ साली तिथल्या ख्रिस्ती लोकांनी नवे चर्च बांधले आणि थोरली परत मागितली. देवळाचे प्रमुख हिम्मतराव म्हणाले, देवळात जपलेला जुना कागद काय म्हणतो ते बघू. सभा भरली. मोडी वाचता येणारी मी एकटीच होते.

कागदात स्वच्छ लिहिले होते (इगर्जी म्हणजे चर्च) : 'इगर्जीचा मनोरा पडिला, सबब घंटा देवळी ठेवावयास दिल्ही. नवी इगर्जी बांधतील तेव्हा माघारी द्यावी.' मी मोठ्याने वाचले : 'लढाईत जिंकोन आणिली, देवास वाहिली.' ही घंटा फिरंग्यांकडून लढाईत जिंकली, यावरच माझा सगळा प्रबंध उभा होता आणि तो ग्रंथ म्हणून छापखान्यात गेला होता. एवढेच कारण, दुसरे नाही.

संशोधनासाठी गेलेली मी तेव्हा पंधरा दिवस कातरीन मावशींच्या घरी राहून जेवत होते. त्यांनीच उठून आपल्या ख्रिस्ती लोकांना सांगितले, "बाईंनी वाचलं ना? मग झालं. चला घरी." निघताना मला सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी बांधून दिली. ते सोडे मी इथे आणून मिटक्या मारत खाल्ले. मला मेलीला लाज कशी वाटली नाही!

हिम्मतरावांनी कागद मलाच जपायला दिला. चाळीस वर्षे मी त्याला डांबरगोळ्या घालते आहे.

इथवर लिहून साक्षीच्या सहीसाठी खालच्या मजल्यावरच्या गौतम यांना बोलावले. ते मूळचे नांदेडचे, वीज खात्यात आहेत. त्यांनी वाचून पेन खाली ठेवले. "बाई, मावशी तुमच्या अगोदर गेल्या तर? हे कशाला लिहायलाव? फोन लावा की!" मी चिडले, म्हटले, तुम्ही मुकाट सही करा. "नाही करत," म्हणाले. मोबाइलवर वेळथरच्या चर्चचा नंबर त्यांनीच शोधला, आणि तिथून मावशींच्या सुनेचा मिळाला.

मावशी फोनवर आल्या. मी कागद आहे तसा वाचला. मला रडू आवरेना.

"ठाव हाय, बाय," त्या म्हणाल्या. "आज्यानं माझ्याकडनं पाठ करून घेतलेला. पन तुमी घरच्या पावन्या. पावनीला भर सभेत खोटी कशी पाडू?"

मी विचारले, मग इतकी वर्षे गप्प का राहिलात?

"तुमी याल म्हनून."

सबब कलम ४ रद्द. कागद घेऊन मी उद्या स्वतः निघते आहे.

५. वाटेत माझे बरेवाईट झाल्यास कागद माझ्या पिशवीतून काढून मावशींच्या हाती द्यावा. वाचून दाखवण्याची गरज नाही. त्यांना पाठ आहे.

सही : अनुराधा दामोदर देऊळगावकर
ठिकाण : तारनाका, हैदराबाद
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार :
१. गौतम भिवाजी कांबळे (फोन झाल्यावर सही केली)
२. पद्मावती, समोरचे घर (मजकूर गौतम यांनी तेलुगूत समजावून सांगितला)