संद्याची रग्बी आन् माझा माईक

८ मार्च
सकाळपासनं ज्यानं त्यानं मला संद्याचा व्हिडिओ पाठवलाय. जसा काय मी फोन वापरतच न्हाई. सिडनीचं स्टेडियम, आष्ट्याचा अख्खा आठवडी बाजार आत मावंल एवढं. मधी संद्या, माझा गावचा जुना दोस्त, गळ्यात ओळखपत्र, दात काढून उभा. जुलैत तिकडं रग्बीचे मोठे सामने हायत, देशादेशांचे. त्यांच्या जाहिरातीच्या ऑफिसात हा कामाला. तिकडच्या आपल्या लोकांनी तिकिटं काढावीत म्हणून मराठीत बोलतोय.
आन् बोलतोय काय? "पापणी पाडू नका मंडळी, पापणी पडंल आन् डाव संपंल!"
हे माझं हाय! आष्ट्याच्या कुस्ती मैदानात माईकवरनं इतकी वर्सं मी हे म्हणतोय. तवा हा माझ्या शेजारी बसून शेंगा फोडायचा. आता तिकडं जाऊन माझाच माल विकतोय.
रोज्यात कुणाचं वाईट चिंतू नये. चिंतलं. इफ्तारीला खजूरसुद्धा गोड लागला न्हाई.

९ मार्च
व्हिडिओ परत बघितला. परत परत बघितला. बोलतोय बरा, हे लिहायला हात धजत न्हाई.
रेश्मा भाकऱ्या थापता थापता म्हणली, "कायकू जलते जी? उने तुमारा बोल लिया, गला तो नै लिया."
बायकोला काय कळतंय त्यातलं.

१५ मार्च
आबा दुकानात आले. मैदान कमिटीचे अध्यक्ष, रिटायर सुभेदार. बसले, पाणी न्हाई म्हणले. तवाच ओळखलं, काय तरी अवघड हाय.
"शब्बीर, एप्रिलातल्या मैदानाला संदीप यायचाय."
"येऊ द्या की आवं. गाव त्याचंच हाय."
"एक नंबरची कुस्ती त्यानं बोलावी असं ठरतंय."
"आन् मी?"
"तू हायसच की रं. बाकीच्या कुस्त्या कोण बोलणार?"
एक नंबरची कुस्ती म्हणजे शेवटची, सगळ्यात मोठी. तिच्या आधी कमिटी निवेदकाला फेटा बांधती आन् माईक हातात देती. मैदान कुणाच्या आवाजाचं हाय ते तवा गावाला कळतं. तो फेटा यंदा संद्याला.
वर आन् मैदानाचा फ्लेक्स मलाच छापायचाय. दुकान माझं, मशीन माझं. "ऑस्ट्रेलिया गाजवणारे आपले संदीपदादा" असं मोठ्या अक्षरात पाहिजे म्हणले. दादा! माझ्यापेक्षा ल्हान हाय तो.

२२ मार्च
ईद झाली. ऐन शिरखुर्म्याच्या टायमाला संद्याचा फोन (हितनं पुढं नुसतं सं. लिवतो). मुबारक म्हणला आन् सुटला रग्बीवर. सामन्याच्या आधी म्हणे शहरातल्या बसगाड्या रंगवून काढत्यात, स्टेशनाचे खांबसुद्धा सोडत न्हाईत. रस्तं बंद. म्याचच्या तिकिटावरच रेल्वेचा प्रवास. बाहेरगावचे लोक येत्यात, हाटेलं भरत्यात, म्हणून सरकार सवता हात लावतं. स्टेडियमच्या भाईर फॅन झोन का काय असतंय, पोरं तोंडं रंगवून नाचत्यात.
आबा शिरखुर्म्याला घरी आलेले हुते. स्पीकरवर ऐकलं. झालं, आता आपल्या मैदानालाबी "पैलवान झोन" पाहिजे. सेल्फीची चौकट मी करायची. पैलवानाचं धड, तोंडाच्या जागी भोक.
मी फोनवर लय गोड बोललो. ठेवला आन् उगंच जाऊन तोंड धुतलं.

३१ मार्च
फ्लेक्स निघाला. सं.चा फोटो आबांनी सांगितलं तसा वरच्या कोपऱ्यात, मोठा. दोरी ओवायला कडंनं पितळी रिंगा ठोकाव्या लागत्यात. कोपऱ्यातली रिंग त्याच्या कपाळात येत हुती. मला दिसत हुतं. हातोडी थांबलीबी. मग ठोकली.
आबा बघून म्हणले, "आरं, ह्याच्या कपाळात भोक पाडलंस की रं!"
"सायजात बसंना, आबा."
आबांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. पलटनीत असंच बघत असतील. दुसरा छापायला वेळ न्हवता. संध्याकाळी चौकात लागला. वाऱ्यानं दोरी ताणली की सं. भुवया वर करतोय असं दिसतंय.
झोपताना लाज वाटली. थोडी.

५ एप्रिल
आला. घरी जायच्या आधी बॅगंसकट दुकानात. मिठी मारली, सोडंना. सेंट लय भारी मारलेला. आमच्या सानियाला रग्बीचा बॉल आणलाय, अंड्यासारखा. तिला शिकवत हुता, "हा पुढं फेकायचा न्हाई. मागच्याला द्यायचा आन् आपण पुढं पळायचं." सानिया म्हणली, "मग पळायचं कशाला?" मला लेकीचा लय अभिमान वाटला.
मग चौकात गेला. मी दुकानाच्या दारातनं बघतोय. फ्लेक्सखाली उभा राहिला, सवताच्या कपाळाला बोट लावून सेल्फी काढला आन् ग्रुपवर टाकला. खाली लिवलं, "गावानं मला खुंटीला टांगला." सगळा गाव हसतोय.
रागावला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी गावलं असतं.

९ एप्रिल
मैदान झालं. आंघोळ केली तरी अंगाचा आखाड्यातल्या तेलमातीचा वास जाईना. झोप न्हाई म्हणून लिहितोय.
ल्हान कुस्त्या मी बोललो. गळा चांगला लागला हुता. कोरेगावच्या एका पोरावर बोलताना लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग आबांनी सं.ला वर बोलवलं. फेटा बांधला. माईक मलाच त्याच्या हातात द्यायला लावला.
आता खरं लिहितो. पकड बसली की निवेदकानं गप बसायचं असतंय. हलगीबी थांबती. पैलवानाला त्याच्या वस्तादाची हाक ऐकाय आली पाहिजे म्हणून. हे कुणी सांगत न्हाई, मैदानात बसून बसून कळतं. सं.ला मी आठवण करून दिली न्हाई. तिकडं तर व्हिडिओत एक सेकंद मोकळा सोडत न्हाईत. हा ओरडणार, लोक शिव्या घालणार, आन् मग आबा माझ्याकडं बघणार, माईक घे म्हणून. ह्याचीच वाट बघत बसलो हुतो. देवाजवळ मागितलंबी.
पकड बसली. सं.नं माईक छातीला लावला.
गप. सगळं मैदान गप. लांब कुणीतरी खोकलं तेवढं ऐकाय आलं. एका बाजूनं वस्ताद हळूच म्हणला, "पाय घे." पाय घेतला, फिरवला, चीतपट! लोक उठले, फेटे उडाले. सं. तरीबी थांबला. कालवा जरा खाली आल्यावर मग माईक तोंडाजवळ नेला आन् बारीक आवाजात विचारलं, "पाडली न्हाईसा न्हवं पापणी?"
मैदान पेटलं. मी सवता टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजले.
हे मला इतक्या वर्सांत का सुचलं न्हाई?

१० एप्रिल
सं. दुपारी जेवायला घरी. रेश्मानं मटण केलं हुतं. त्यानंच विषय काढला.
"तिकडं मी माईक कवा धरलाच न्हाई, गड्या."
"आन् तो व्हिडिओ?"
"पयला आन् शेवटचा. मी ऑफिसात फोटोखाली लिवायचं काम करतो. म्याचच्या दिवशी गेटवर उभं करत्यात, ह्या रांगंत जा, त्या रांगंत जा. आत वरडा झाला की कळतं, काय तरी झालं. एवढे सामने आमच्या शहरात झाले, मी एकबी धड बघितला न्हाई."
मग वाटीतला रस्सा ढवळत म्हणला, "तू मैदानात उभा राहिलास की लोक तुझ्याकडं वळून बघत्यात. मला तुझा लय हेवा वाटायचा. अजून वाटतो."
हा माझा हेवा करतोय! देवाशपथ, दोन भाकरी जास्त खाल्ल्या.
जाताना म्हणला, "जुलैच्या म्याचला स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर मराठी आवाज पाहिजे. साहेबाला काल तुझी मैदानातली क्लिप पाठवली. तुझा आवाज पाठवतोस?"
म्हटलं, बघू. लगीच हो म्हणायला मी काय रिकामा हाय?

१८ एप्रिल
सं. गेला. आबा आले. आज पाणी घेतलं.
"पुढच्या साली मैदानात एलईडीचा पडदा लावू. संदीप तिकडनंच एक नंबरची कुस्ती बोलंल. त्याला विचारलं तर म्हणतोय, शब्बीरला विचारा, माईक त्याचा हाय."
माझाच माईक मला दानात देतोय का हा? त्यानं सरळ हो म्हणलं असतं तर मी कमिटीशी भांडलो असतो. आता न्हाई म्हणलो तर मीच कुजका ठरणार.
आबांना म्हटलं, विचार करून सांगतो.

२ मे
दुकानाच्या मागच्या खोलीत पंखा बंद करून आवाज भरला. घामानं निथळलो. "पापणी पाडू नका मंडळी" म्हणलो, रग्बीच्या पोरांना पैलवान म्हणलो. मग पकड बसल्यावर थांबतो तसा थांबलो. मग पुढचं.
पाठवला. लगीच उत्तर. "आवाज एक नंबर! साहेब खूश. मधलं रिकामं कापू का? पडद्यावर चालत न्हाई हिकडं."
ज्यानं परवा माईक छातीला लावला तोच विचारतोय.
लिवलं, "कापलंस तर आवाज माघारी दे."

५ मे
मेसेजवर दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलाय. उत्तर न्हाई. तिकडं सवड नसंल, का साहेबाशी बोलत असंल, का कापून मोकळाबी झाला असंल.
आबांनी एलईडीचं परत विचारलं. अजून सांगितलं न्हाई.
रेश्मा म्हणली, "अब कायकू जलते? अब तो तुमारा गला बी गया उधर."
त्याचंच तर जळतंय. पासपोर्ट माझा न्हाई, विमान मी जवळनं बघितलेलं न्हाई. आन् माझा आवाज एकटाच चाललाय एवढं मोठं मैदान बघायला.